ज्याला बोलायचं बटण नाही

माझी मुलगी अग्निशमन दलात लागली तेव्हा आमच्या बोळिंजच्या इमारतीत मी घरोघर पेढे वाटले. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी पेढा हातात घेतला आणि म्हणाल्या, "मुलीच्या जातीला आगीत पाठवलीत कशी हो?" मी म्हटलं, "आम्ही कुठं पाठवली, तीच गेली."

खरंही तेच होतं. पदवी झाल्यावर बँकेच्या परीक्षांचा क्लास लावला होता तिनं. रोज पहाटे राजोडीच्या किनाऱ्यावर धावायला जायची, ते आम्हाला वाटायचं तब्येतीसाठी. मग एकदा जेवताना सांगून टाकलं, की अग्निशामकाच्या भरतीचा फॉर्म भरलाय, पुढच्या आठवड्यात मैदानी चाचणी आहे. आमच्या घरी ह्यांना ऐकू कमी येतं. उभा जन्म छापखान्यात गेला, तिथल्या यंत्रांनी कान खाल्ले. "काय भरलंय म्हणते?" त्यांनी विचारलं. "फॉर्म!" मी ओरडले. "मग भरू दे की," म्हणाले आणि ताकाचा पेला तोंडाला लावला.

ती निवडली गेली, प्रशिक्षण घेऊन आली, केस कापून आली. आणि तिथून पुढं तिनं घरात काही सांगणं बंद केलं. बारा तासांची ड्युटी करून यायची, आंघोळ करायची, जेवायची, झोपायची. "आज काय होतं गं?" विचारलं की ठरलेलं उत्तर, "काही नाही. एक साप आणि एक मांजर." साप कुणाच्या तरी न्हाणीघरात शिरलेला आणि मांजर कुठल्या तरी छज्ज्यावर अडकलेलं. मला वाटायचं, बरं आहे, सापमांजरांवर भागतंय.

मग एक दिवस तिच्या मनगटावर भाजल्याचा लांबट डाग दिसला. "चहा सांडला," म्हणाली. मी एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. मूल खोटं बोलताना आधी कुठं बघतं ते मला ठाऊक आहे. ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होती. त्यानंतर महिन्याभरातच तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी मोबाइल घेऊन आल्या. "ही तुमचीच ना हो?" इमारतीच्या ग्रुपवर कुणीतरी व्हिडिओ टाकला होता. धुराचा लोट, त्याला टेकलेली शिडी, आणि शिडीच्या टोकाला पाठमोरी आकृती. हेल्मेट घातलेलं, तोंड दिसत नव्हतं. पण डावा खांदा जरा उचलून उभं राहायची तिची सवय. माझीच होती. तो व्हिडिओ कालचा होता, आणि काल संध्याकाळी ती मला म्हणाली होती, "एक मांजर."

मी तिला काही बोलले नाही. बोलून ती काय करणार होती? नोकरी सोडणार नव्हती आणि मलाही तिनं ती सोडायला नको होती. मला फक्त कळायला हवं होतं.

घरी बसून ऐकायची कल्पना डोक्यात शिरली ती एका दुपारी. तिच्या दलाची गाडी आमच्याच भागात कुठं तरी झाड पडलं म्हणून आली होती, काम आटोपलं, आणि ती साहेबांना विचारून दहा मिनिटं घरी जेवायला आली. गाडी खाली उभी. तिनं कमरेचा वॉकीटॉकी काढून ताटाशेजारी ठेवला. मी आमटी वाढत होते आणि तो बोलायला लागला. कोण कुठं निघालं, कोण पोचलं, कुणाला पाणी कमी पडतंय, कुठल्या गल्लीत गाडी शिरत नाही. सगळं. आमटीचा डाव हातात धरून मी ऐकत राहिले. मला वर्षभर जे कळत नव्हतं ते त्या काळ्या डबीत भडाभडा बोललं जात होतं. मध्येच तिच्या गाडीचा नंबर पुकारला गेला. तिनं तोंडातला घास तसाच ठेवून उत्तर दिलं आणि उठली. अर्धं ताट तसंच राहिलं.

संध्याकाळी मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "असलं एक आपल्या घरी असलं तर?"

"आई, ते खेळणं नाहीये."

"नुसतं ऐकायला गं."

"ऐकायलाही नाही. तसं चालत नाही." आणि कॅलेंडरकडं न बघता म्हणाली, म्हणजे खरं होतं.

पण माझ्या मनात ते घर करून बसलं. मोबाइलवर शोधायला लागले. कळलं की अशा यंत्राला स्कॅनर म्हणतात. हवेतून जाणारी बोलणी ते एकेक करून चाचपत जातं आणि जिथं आवाज सापडेल तिथं थांबतं. परदेशात म्हातारी माणसं घरी बसून पोलिसांचं आणि बंबवाल्यांचं ऐकतात, असंही कुठं कुठं लिहिलेलं. पण त्या यंत्रांना इतकी बटणं आणि इतकी आकडेमोड, की मला आमच्या शाळेतला पहिला कॉम्प्युटर आठवला, ज्याच्यावर आम्ही वर्षभर नुसतं प्लास्टिकचं कव्हर घालून ठेवलं होतं.

माझ्या शाळेत एक सहकारी शिक्षिका होत्या, नंदाखालच्या. त्यांचे वडील मालवाहू जहाजांवर रेडिओ ऑफिसर होते. आता ऐंशीच्या घरात, पण घरी वायरलेसचा संच, त्याचा सरकारी परवाना, आणि नारळाच्या वर जाणारी एरियल असं सगळं अजून राखून होते. मी रिक्षा केली आणि त्यांच्याकडं गेले. केळीच्या बागेतून आत गेलं की त्यांचं घर, दाराशी क्रूस, ओट्यावर आरामखुर्ची. त्यांच्या मिसेस बागेतून हाक मारून त्यांच्याशी त्यांच्या घरच्या बोलीत काही बोलल्या, ते मला निम्मंच कळलं. माझ्याशी मात्र ते शुद्ध पुस्तकी मराठीत बोलले.

"या टीचर, बसा. कशासाठी पाहिजे तुम्हाला?"

मी म्हटलं, "छंद म्हणून."

त्यांनी माझ्याकडं जरा वेळ बघितलं. "तुमची मुलगी फायर ब्रिगेडमध्ये आहे ना? माझी पोरगी सांगत होती."

मग मी खरं काय ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकेक गोष्ट समजावली, वर्गात समजावतात तशी. पहिली गोष्ट, पोलीस काय, अग्निशमन दल काय, त्यांच्या बोलण्यावर बाहेरच्यानं कान लावणं कायद्यात बसत नाही. "मला परवाना आहे, पण तो माझ्यासारख्या हौशी माणसांनी आपापसात बोलायचा परवाना आहे. त्यांचं ऐकायचा नाही." दुसरी गोष्ट, बऱ्याच ठिकाणी आता नवे संच आलेत, त्यांचं बोलणं बाहेरच्या यंत्राला कळत नाही, नुसती खरखर येते. "म्हणजे एवढं करून काहीच न ऐकू येण्याची शक्यता आहे." आणि तिसरी गोष्ट सांगायच्या आधी ते आत गेले आणि हातात मावेल असा एक संच घेऊन आले.

"बाजारात गेलात तर हा चायनाचा दाखवतील तुम्हाला. स्वस्त आहे, सगळं पकडतो. पण हे बघा." बाजूला एक लांबट बटण होतं. "हे बोलायचं बटण. हा नुसता ऐकत नाही, बोलतो पण. असला संच तुमच्यासारख्या आईच्या हातात असणं फार वाईट."

"मी कशाला दाबीन?"

"दाबाल. मुलगी अडचणीत दिसली तर कुणीही दाबील. आणि एका वेळी एकच माणूस बोलू शकतो, टीचर. तुम्ही दाबलंत तर त्या वेळी तिचा आवाज बंद होईल. तुमच्यामुळं."

मी त्या बटणाकडं बघत बसले. मग विचारलं, "बटण नसलेला मिळतो?"

त्यांनी उसासा सोडला. "मी घेऊ नका म्हणून सांगतोय, आणि तुम्ही कुठला घेऊ ते विचारताय."

"मिळतो का?"

"मिळतो. जुना, वापरलेला मिळेल. नुसता रिसिव्हर. पण मी तुम्हाला काही लावून देणार नाही, ते कुठल्या आकड्यावर बोलतात ते सांगणार नाही. आणि एक लक्षात ठेवा, मी जहाजावर तेहतीस वर्षं हेडफोन कानाला लावून काढली. लांबच्या जहाजावरचा माणूस मदत मागतो आणि आपल्या बोटीला तिथं पोचायला दोन दिवस लागणार असतात. त्या दोन दिवसांत जेवण जात नाही."

निघताना त्यांच्या मिसेसनी केळ्यांची फणी पिशवीत घातली. मी त्यांचं काही ऐकलं नाही. त्याच आठवड्यात ग्रँट रोडच्या बाजूच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेले. पहिल्या दुकानदारानं चायनाचाच संच पुढं केला. "मॅडम, इसमें सब आयेगा, बात भी कर सकते हो." मी म्हटलं, बोलायचं नाही. दुसऱ्यानं पेनड्राइव्हसारखी काडी दाखवली, कॉम्प्युटरला लावायची. आमच्याकडं कॉम्प्युटर नव्हता. तिसरा म्हातारा होता, दुकान म्हणजे जिन्याखालचा बोळ. त्यानं काही न विचारता मागच्या फळीवरून एक करड्या रंगाचा डबा काढला, फुंकर मारून धूळ उडवली. परदेशातून कुणीतरी आणलेला, जुना. मी चारी बाजूंनी फिरवून बघितला. आवाजाची चकती, आकड्यांची बटणं, एक छोटी एरियल. बोलायला काही नव्हतं. "सिर्फ सुननेवाला है," दुकानदार म्हणाला, जणू काही त्यात खोट आहे. मी म्हटलं, तोच द्या.

घरी तो धान्याच्या कपाटात, तांदळाच्या डब्यामागं ठेवला. मुलगी त्या कपाटाकडं कधी फिरकत नसे. ह्यांना मात्र सांगावं लागलं, कारण एका घरात राहून दिवसभर ते लपवणं शक्य नव्हतं. त्यांनी डबा हातात घेऊन उलटा केला. "पोलीस येतील का घरी?"

"येतील कदाचित."

"मग चहाची पावडर जास्त आणून ठेव," म्हणाले. पण थट्टा करून झाल्यावर खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसले ते दुपारभर उठले नाहीत.

पुढचे कितीतरी दिवस मुलगी ड्युटीवर गेली की मी यंत्र सुरू करायची आणि ते आकडे चाचपत राहायचं. खरखर, खरखर, मग एकदम कुणीतरी. कुठल्या संकुलाचे वॉचमन फाटकावरून फाटकाशी बोलायचे. बांधकामावरचा क्रेनवाला वरून ओरडायचा. एकदा समुद्रावरच्या बोटी सापडल्या, "पानी उतरलंय, आता नको येव" असं कुणीतरी कुणाला सांगत होतं. मला त्या माणसांची सवय झाली. पण मला पाहिजे ते सापडत नव्हतं. नंदाखालच्या बाबांचं खरं ठरलं, दलाचे संच नवे असणार, असं मी मनाशी धरत चालले होते. खरं सांगते, सुटल्यासारखंही वाटत होतं.

आणि एका सकाळी पोळ्या लाटताना यंत्र थांबलं आणि आतून माझी मुलगी बोलली. "कंट्रोल, फायर चार. पोचलो. ओव्हर." एवढंच. लाटणं हातातून निसटून पोळपाटावर पडलं. तो आकडा मी कॅलेंडरच्या मागं पेन्सिलीनं लिहून ठेवला.

त्यानंतरचे दीड महिने मी सुखात होते म्हटलं तरी चालेल. साप खरेच साप असायचे. मांजरंही खरी असायची, आम्हाला वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी जास्त. गॅसची गळती, लिफ्टमध्ये अडकलेली माणसं, कचऱ्याला लागलेली आग. मी ऐकायची आणि ह्यांना मोठ्यानं सांगायची. कानातल्या यंत्रातून त्यांना ती खरखर असह्य व्हायची, म्हणून ते कानातलं काढून बसायचे आणि माझ्या तोंडाकडं बघायचे. संध्याकाळी ती यायची तेव्हा आम्हाला सगळं ठाऊक असायचं. ती म्हणायची "एक साप", आणि हे ताटात बघून गालात हसायचे.

आग लागली ती एका मंगळवारी, दुपारी तीनच्या सुमाराला. हे नुकते वामकुक्षी आटोपून उठले होते. वसई पूर्वेच्या औद्योगिक पट्ट्यातल्या एका गाळ्यात आग होती. गाद्या, फोम असलं काहीतरी तिथं भरलेलं होतं. तीनचार गाड्या निघाल्याचं ऐकलं, त्यात तिची फायर चार होती. मी ह्यांना सांगितलं, "मोठी आहे वाटतं." थोड्या वेळानं तिचा आवाज आला. धापा टाकत होती.

"कंट्रोल, फायर चार. मागच्या बाजूला पोटमाळा आहे, खिडकीला लोखंडी ग्रिल आहे. आत माणूस आहे. जिवंत आहे. कटर पाठवा. ओव्हर."

पलीकडून उत्तर आलं, की पहिला कटर पुढचं शटर कापायला लागलाय, तिथंही माणसं आहेत. दुसरा घेऊन गाडी निघालीय.

"काय म्हणते?" ह्यांनी विचारलं.

"खिडकीत माणूस अडकलाय. कापायचं यंत्र मागतेय."

"मग?"

"येतंय म्हणाले."

मग खरखर. मग दुसऱ्यांची बोलणी, पाण्याचा टँकर, विजेचं कनेक्शन तोडलं का, बघ्यांना हटवा. मी यंत्राला कान लावून बसले होते. पुन्हा ती.

"कंट्रोल, फायर चार, कटर कुठं पोचला?"

"चार, हायवेला कंटेनर आडवा झालाय. गाडी ट्रॅफिकमध्ये आहे. दोन्ही बाजू बंद आहेत."

"सर, लवकर पाठवा. पहारीनं ग्रिल हलत नाहीये."

"काय म्हणते?"

"ट्रॅफिक."

"काय?"

"ट्रॅफिकमध्ये अडकलीय गाडी!" मी ओरडले. माझा आवाज रडवेला झाला होता. हे उठून गॅलरीत गेले, रस्त्याकडं बघितलं, परत आले. आमच्या गॅलरीतून बोळिंजचा रस्ता दिसतो, हायवे नाही. तरी ते पुन्हा गेले, पुन्हा बघितलं.

मी मोबाइल उचलला. कुणाला लावणार होते? आग लागली की लोक अग्निशमन दलाला फोन करतात. मला तर तिथूनच कळलं होतं. मुलीला लावू? तिचा मोबाइल स्टेशनवर लॉकरमध्ये. माझी एक जुनी विद्यार्थिनी त्या बाजूला राहते, तिला सांगून काय होणार, ती कंटेनर उचलणार होती? मी मोबाइल ठेवला. देवापुढं दिवा लावावा असं वाटलं, आणि काडीपेटी हातात घेतल्यावर आग नकोशी वाटली, तशीच ठेवून दिली.

तिचा आवाज आणखी तीनदा आला. प्रत्येक वेळी तेच विचारत होती आणि प्रत्येक वेळी तेच उत्तर येत होतं. चौथ्या वेळी तिनं गाडीचा नंबरही सांगितला नाही. "सर, कटर." एवढंच म्हणाली, लहानपणी पाणी मागायची तशी.

मग बराच वेळ तिचं काही नाही. इतरांचं चालू होतं, तिचं नाही. हे समोर बसून माझ्या तोंडाकडं बघत होते आणि माझ्याकडं सांगायला काही नव्हतं. यंत्राला कुठं बोलायचं बटण आहे का म्हणून मी वेड्यासारखी हात फिरवत राहिले. मला माहीत होतं की नाहीये. मीच तसा निवडून आणला होता.

शेवटी आवाज आला. धाप नव्हती. अगदी सपाट, फळ्यावरचं वाचून दाखवावं तसा.

"कंट्रोल, फायर चार. कटरची गरज नाही."

पलीकडून उत्तर आलं, "ठीक आहे, चार."

"काय म्हणाली?" हे.

"गरज नाही म्हणाली."

"म्हणजे सुटला?" त्यांचा चेहरा एकदम खुलला. "सुटला ना?"

मी मान हलवली. हो की नाही ते मलाच कळलं नाही. मी यंत्र बंद केलं आणि तांदळाच्या डब्यामागं सारलं.

रात्री आठला ती आली. बुटांसकट न्हाणीघरात गेली, तीनदा केस धुतले असतील, पाण्याचा आवाज थांबेचना. मी वरणभात केला होता, दुसरं काही सुचलं नव्हतं. ती जेवायला बसली, तिच्या नखांच्या कडांना अजून काळं होतं. मी विचारलं नाही. नेहमी विचारते तसं विचारायला हवं होतं, नाही तर तिला संशय येईल, असं वाटून मग विचारलं.

"आज काय होतं गं?"

"काही नाही," ती म्हणाली. "छोटी आग होती."

हे काहीतरी बोलायला गेले, मी टेबलाखालून त्यांचा पाय दाबला. मला तिला जवळ घ्यायचं होतं. पण कारण नसताना मी एकदम मिठी मारली असती तर ती म्हणाली असती, काय झालं? मी तिला भात वाढला. लिंबू पिळून दिलं. दुसऱ्या दिवशी पेपरात आतल्या पानावर चार ओळी होत्या, गाळ्याला आग, एका कामगाराचा मृत्यू. ह्यांनी त्या वाचल्या, चष्मा काढून पुसला, आणि दिवसभर कानातलं यंत्र घातलं नाही.

तीन आठवडे गेले. मी स्कॅनर लावला नाही. त्या रविवारी तिला सुट्टी होती. मी तिला डोक्याला तेल लावायला बसवलं, ती खाली चटईवर, मी खुर्चीवर. कापलेले केस, तेल लगेच मुरतं. तिची पाठ माझ्याकडं. आणि काही न विचारता ती बोलायला लागली.

"आई, त्या दिवशी आग मोठी होती."

"कुठल्या?"

तिनं सगळं सांगितलं. मला ठाऊक असलेलं सगळं, त्याच क्रमानं. मी "हं", "हं" करत होते. मग माझ्या यंत्रातून न आलेलं सांगायला लागली. तो तिच्याच वयाचा होता. बिहारकडचा असावा. ग्रिलमधून हात बाहेर काढून त्यानं तिचा हातमोजा धरून ठेवला होता. "मॅडम, जाना मत," असं म्हणत होता. ती गेली नाही. मागून साहेब ओरडत होते की खाली ये, तरी नाही. शेवटी दोघांनी तिला शिडीवरून ओढून खाली आणलं.

"आणि मी वॉकीवर बोलत होते ना," ती म्हणाली, "तेव्हा वॉकी माझ्या छातीवर होता. त्याच्या तोंडासमोर. कंट्रोलनं प्रत्येक वेळी काय सांगितलं ते त्यालाही ऐकू गेलं. ट्रॅफिकमध्ये आहे, दोन्ही बाजू बंद आहेत, सगळं. तो माझ्याकडं बघत नव्हता आई, वॉकीकडं बघत होता. मी आवाज बारीक करायला हवा होता. माझ्या लक्षातच आलं नाही."

म्हणजे त्या दुपारी तीन ठिकाणी तेच शब्द एकाच वेळी ऐकले जात होते. शिडीवर ती, ग्रिलच्या आत तो, आणि बोळिंजच्या फ्लॅटमध्ये मी. मला त्याचं ऐकू आलं नव्हतं आणि त्याला माझं असणं माहीत नव्हतं. "गाडी ट्रॅफिकमध्ये आहे" ऐकून मी मोबाइल उचलला होता, काडीपेटी घेतली होती, हे गॅलरीत जाऊन आले होते. त्यानं काय केलं असेल? त्याला तर वळून बघायलाही जागा नव्हती.

"आई, हात थांबला तुझा."

मी पुन्हा बोटं फिरवायला लागले. मी ऐकलं होतं गं, असं ओठांवर आलं होतं. तू एकटी नव्हतीस. पण ते खरं नव्हतं. ती एकटीच होती. माझ्या ऐकण्यानं तिच्या त्या शिडीवर काडीचा फरक पडला नव्हता. आणि आता सांगितलं असतं तर पुढं वॉकीवर बोलताना तिला दर वेळी आठवलं असतं की आई ऐकतेय. ग्रिलमागच्या माणसासाठी आवाज बारीक करायला हवा होता म्हणून ती स्वतःला खात होती. माझ्यासाठीही तिला तोच विचार करावा लागला असता. मी म्हटलं, "तुझ्या कसं लक्षात येणार होतं?" आणि वाटीतलं उरलेलं तेल तिच्या टाळूवर ओतलं.

मंगळवारी मी यंत्र पिशवीत घातलं आणि नंदाखालला गेले. बाबा ओट्यावर होते. मी सगळं सांगितलं. "तुम्ही सांगितलं होतं" असं ते म्हणतील म्हणून मी तयार होते. ते म्हणाले नाहीत.

"पोरीला सांगितलंत?"

"नाही."

"सांगणार?"

"माहीत नाही."

त्यांनी यंत्र मांडीवर घेतलं, मागचं झाकण उघडून सेल काढले, ते सेल माझ्या हातात दिले. "हे रिमोटला चालतील," म्हणाले. यंत्र आत नेऊन ठेवलं. बागेत पाण्याचा पंप चालू होता.

घरी आले तर हे कपाट उघडून उभे. तांदळाचा डबा बाहेर काढून ठेवलेला.

"कुठं गेलं ते?"

"देऊन आले."

"मग आता कळणार कसं आपल्याला?"

"ती सांगेल तेव्हा."

"आणि नाही सांगितलं तर?"

मी डबा जागेवर ठेवला. ते उत्तराची वाट बघत माझ्या तोंडाकडं बघत राहिले. त्यांना वाटलं असेल मी काहीतरी बोलले आणि त्यांना ऐकू आलं नाही. "काय म्हणालीस?" त्यांनी पुन्हा विचारलं. ती सकाळी सातला ड्युटीवर गेली होती, यायला अजून चार तास होते.